श्वासाचे मोजमाप मांडणारे स्वामी

1920-21 च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात काही विद्यार्थ्यांना क्ष-किरण यंत्रासमोर उभे करून उड्डियान आणि नौली करायला सांगण्यात आले. पोटाचे स्नायू आत खेचले की आतल्या अवयवांचे नेमके काय होते, हे पाहण्याची खटपट करणारे गृहस्थ होते जगन्नाथ गणेश गुणे. पुढे ते स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. गुरूने निवडक शिष्यालाच द्यायची विद्या अशी यंत्रापुढे उघडी करण्यात धोका होताच. यंत्राने नकारार्थी कौल दिला, तर तो कुठे लपवणार?

30 ऑगस्ट 1883 रोजी गुजरातेतील डभोई येथे त्यांचा जन्म झाला. बालपण हलाखीत गेले, तरी 1903 मध्ये मॅट्रिकला संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. बडोद्यातील जुम्मादादा व्यायामशाळेत प्रा. माणिकराव यांच्या हाताखाली शरीर घडले. 1919 मध्ये नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी भेटले आणि आयुष्याची दिशा ठरली. दरम्यान अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी सांभाळले.

1924 च्या दसऱ्याला लोणावळ्यात कैवल्यधाम उभे राहिले. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. आश्रमात प्रयोगशाळा असावी, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. बस्तिक्रियेत साधक पिचकारीशिवाय पाणी आतड्यात ओढून घेतो, ते कसे? स्वामीजींनी दाबमापक लावून पाहिले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून पाणी आपोआप आत शिरते, असे दिसून आले. या पोकळीला त्यांनी गुरूचे नाव दिले.

प्राणायामाची कथा याहून बोलकी आहे. दीर्घ श्वासाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, हा समज आजही घरोघरी आहे. उच्छ्वासातील वायूंचे पृथक्करण करून स्वामीजींनी दाखवले, की प्राणायामाचे मोल जादा प्राणवायूत नाही. योगाच्या प्रचाराला सोयीचे असलेले विधान त्यांनी स्वतःच खोडून काढले. त्यांच्या वैज्ञानिक वृत्तीचा याहून चांगला पुरावा क्वचितच सापडेल.

1927 मध्ये महात्मा गांधींनी रक्तदाबाच्या तक्रारीवर त्यांचा सल्ला घेतला. मुंबईत शाखा निघाली, पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यात योग महाविद्यालयही सुरू झाले.

1957 मध्ये अमेरिकेतून बसुकुमार बागची आणि वेंगर हे संशोधक मेंदूच्या विद्युतलहरी टिपणारे यंत्र घेऊन भारतात आले. लोणावळ्याच्या साधकांचीही त्यांनी तपासणी केली. हृदय, घाम, जठर यांचे व्यवहार चालवणाऱ्या, सहसा आपल्या हुकमात नसलेल्या मज्जासंस्थेवर ताबा मिळवता येतो का, हा त्यांचा प्रश्न होता. देशात तपासलेल्यांपैकी हृदय थांबवल्याचा दावा करणाऱ्यांची नाडी लागेनाशी होई, पण हृदयाचा आलेख सुरूच राहिला. अर्थात दावा खोटा ठरला, तरी स्नायूंच्या जोरावर छातीतला दाब वाढवून नाडी दाबता येते, एवढे कळले.

हा प्रश्न लोणावळेकरांच्या ओळखीच्या एका त्रासाशी जाऊन भिडतो. घाटात ज्यांना गाडी लागते, त्यांच्या डोळ्यांचा आणि अंतर्कर्णाचा निरोप एकमेकांशी जुळत नाही. मग घाम, मळमळ, ओकारी अशी सारी लक्षणे त्याच मज्जासंस्थेतून उमटतात. वैमानिकांच्या सरावयंत्रात नजर वळणे घेते आणि शरीर जागेवरच असते, म्हणून तिथेही हेच होते. त्यावर दोन वाटा शोधल्या गेल्या. कानामागे इलेक्ट्रोड लावून मिलिअँपिअरच्या घरातला सौम्य विद्युतप्रवाह दृश्याच्या तालावर सोडायचा, म्हणजे अंतर्कर्णालाही हालचाल झाल्याचे भासते; काही प्रयोगांत याने त्रास कमी झाला आहे. दुसरी वाट ‘नासा’च्या पॅट्रिशिया काउइंग्ज यांची. 1970 च्या दशकापासून त्यांनी अंतराळवीरांना स्वतःच्या नाडीचे, श्वासाचे आकडे पडद्यावर पाहत ते आवरायला शिकवले. ही वाट लोणावळ्यातून निघाली, असे म्हणण्याचे कारण नाही. पण दाबमापक लावून बसलेल्या स्वामीजींना ती परकी वाटली नसती.

18 एप्रिल 1966 रोजी स्वामी कुवलयानंदांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1968 मध्ये, हवाबंद खड्ड्यात बसवलेल्या माणसांवरील प्रयोगांचे निष्कर्ष कैवल्यधामच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले.