डाव्या हाताची उमेदवारी

१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकसाठी हंगेरीने संघ निवडला, तेव्हा पिस्तूल नेमबाजीत जागतिक दर्जाची कामगिरी करणाऱ्या एका खेळाडूचे नाव त्यात नव्हते. त्याच्या नेमात काही उणे नव्हते. उणे होते ते खांद्यावरच्या पट्ट्यांत. तो सैन्यात सार्जंट होता आणि ऑलिम्पिकला जाण्याचा मान फक्त अधिकाऱ्यांचा, असा त्या काळच्या हंगेरियन सैन्याचा नियम होता. त्याच ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या हंगेरीच्या वॉटर पोलो संघात ऑलिव्हेर हालाशी होता. बालपणी अपघातात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. पाय गमावलेल्या खेळाडूला वाव देणाऱ्या देशाने दोन्ही हात धड असलेल्या सार्जंटला मात्र घरी बसवले.

या सार्जंटचे नाव कारोय तकाच. इंग्रजी स्पेलिंगवरून आपल्याकडे ते कॅरोली टकास किंवा टकाक्स असे वाचले जाते. २१ जानेवारी १९१० रोजी बुडापेस्टमध्ये त्याचा जन्म झाला, तरुणपणीच तो सैन्यात दाखल झाला आणि पिस्तुलावर त्याचा हात बसला. बर्लिन ऑलिम्पिकनंतर तो जाचक नियम रद्द झाला. पुढचे ऑलिम्पिक १९४० मध्ये होणार होते आणि तिशीत पाऊल टाकणाऱ्या तकाचला ते हाकेच्या अंतरावर दिसत होते.

१९३८ मध्ये सैनिकी सरावाच्या वेळी एक सदोष हातबॉम्ब त्याच्या उजव्या हातातच फुटला. हाच त्याचा नेमबाजीचा हात. सुमारे महिनाभर तो रुग्णालयात होता. हाताची अवस्था अशी झाली, की त्या हाताने पुन्हा पिस्तूल रोखणे शक्य नव्हते. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर त्याने कोणाला न सांगता पिस्तूल डाव्या हातात घेतले.

तकाचची कथा इथून पुढे बहुधा इच्छाशक्तीची कथा म्हणून सांगितली जाते. इच्छाशक्ती त्याच्याजवळ होती, यात शंका नाही. पण पिस्तूल हे शस्त्र नुसत्या इच्छाशक्तीला फारशी दाद देत नाही. उलट नेम लागलाच पाहिजे, असा हट्ट धरणारा नवशिका हमखास नेम चुकवतो. पिस्तुलावरील मागची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी यांत साधारण वीस सेंटिमीटरचे अंतर असते. माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर जरी सरकली, तरी पंचवीस मीटरवरच्या लक्ष्यावर ती चूक साडेबारा सेंटिमीटरची होते. हात मात्र नुसताच, पिस्तुलासकट, एखादा मिलिमीटर वरखाली झाला तर बिघडत नाही; गोळीही जवळपास तेवढीच सरकते. म्हणून जाणता नेमबाज नजर माशीवर ठेवतो आणि लक्ष्य धूसर दिसू देतो. नवशिक्याला हे पटायला फार वेळ लागतो, कारण ज्याला मारायचे त्याच्याकडेच पाहावे, असे मन सांगत असते.

दुसरी अडचण चापाची. ताणलेला हात कोणाचाच स्थिर राहत नाही. तो सतत थोडा डोलतो. माशी बरोबर मध्यावर आलेली दिसली, की नवशिका तो क्षण साधण्यासाठी चाप झटक्याने ओढतो. बोटाबरोबर मूठ आवळली जाते, मनगट झुकते आणि गोळी खाली जाते. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याची बहुधा खाली डावीकडे, डाव्या हाताने धरणाऱ्याची खाली उजवीकडे. यावर उपाय एकच. डोलणे मान्य करायचे आणि बाकीची मूठ तशीच ठेवून तर्जनीने चाप सावकाश, सरळ मागे दाबत न्यायचा. त्यासाठी गोळी न भरता केलेला सराव फार उपयोगी. आवाज नाही, धक्का नाही, त्यामुळे चाप सुटताना माशी हलली की नाही, हे स्वच्छ दिसते. नव्या नेमबाजाने रेंजवर झाडलेल्या गोळ्या मोजण्यापेक्षा असा रिकामा सराव मोजावा, हे जुन्या प्रशिक्षकांचे म्हणणे खरे आहे.

तकाचला हे सारे ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते त्याच्या डाव्या हाताला. पिस्तूल नेमबाजी एका हाताने करायची असते आणि हात बदलला, की सगळी बैठकच आरशातल्यासारखी उलटी होते. पुढे टाकायचा पाय बदलतो, खांदा बदलतो, तोल बदलतो. उजव्या तळव्यासाठी घडवलेली मूठ डाव्या हातात नीट बसत नाही. शिवाय प्रश्न डोळ्यांचा. बहुतेक माणसांचा एक डोळा प्रबळ असतो आणि उजव्या हाताने काम करणाऱ्यांत तो पुष्कळदा उजवाच असतो. पिस्तूल डाव्या हातात गेले, तरी तो डोळा आपला हक्क सोडत नाही. मग मान किंचित वळवायची, नाहीतर त्या डोळ्यासमोर आडोसा धरून दुसऱ्या डोळ्याला कामाला लावायचे. थोडक्यात, डोके उस्तादाचे आणि हात शागिर्दाचा, अशी ही अवस्था. काय चुकले हे लगेच कळते, पण हात ऐकत नाही. अस्सल नवशिक्याला निदान आपली चूक दिसत नसते. तकाचला स्वतःची प्रत्येक चूक दिसत असणार. अशा वेळी आसपास पाहणारे कोणी नसणे ही मोठीच सोय, आणि त्याने सराव गुप्त ठेवला तो बहुधा याचसाठी.

१९३९ च्या वसंतात हंगेरीची राष्ट्रीय पिस्तूल स्पर्धा भरली. तकाच तिथे आला, तेव्हा जुन्या सोबत्यांनी हळहळ व्यक्त केली आणि स्पर्धा पाहायला आल्याबद्दल त्याचे कौतुकही केले, असे सांगतात. आपण पाहायला नव्हे, खेळायला आलो आहोत, हे त्याने सांगितले, तेव्हा त्यांना ते खरे वाटेना. ती स्पर्धा त्याने जिंकली. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत विजेत्या ठरलेल्या हंगेरियन संघातही तो होता.

आणि मग महायुद्ध आले. १९४० आणि १९४४ ही दोन्ही ऑलिम्पिक रद्द झाली. नेमबाजाच्या उमेदीची जी वर्षे, ती युद्धाने गिळली. बर्लिनला संधी नाकारली गेली तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. १९४८ मध्ये लंडनला पोहोचला तेव्हा अडतीसचा.

त्याचा प्रकार होता रॅपिड फायर पिस्तूल. पंचवीस मीटरवर शेजारी शेजारी पाच लक्ष्ये असतात. त्या काळी ती एकाच वेळी नेमबाजाकडे तोंड करून वळत आणि ठरावीक सेकंदांनी पुन्हा आडवी होत. खाली झुकवलेला हात तेवढ्या वेळात उचलायचा आणि प्रत्येक लक्ष्यावर एकेक गोळी झाडायची. आधी आठ सेकंद, मग सहा, शेवटी चार. अशा एकूण साठ गोळ्या, सहाशे गुण. चार सेकंदांत पाच वेळा चाप दाबायचा, तोही झटका न देता. रिकाम्या पिस्तुलाने घोटलेली सवय इथे कसाला लागते, कारण विचार करायला वेळच नसतो.

लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे परगण्यातील बिझ्लीच्या रेंजवर ही स्पर्धा झाली. सुवर्णपदकाचा मुख्य दावेदार होता अर्जेंटिनाचा जगज्जेता कार्लोस एनरिके दियास साएन्स व्हॅलियेंते. स्पर्धेआधी त्याने तकाचला इथे कसे काय, असे विचारले आणि आपण शिकायला आलो आहोत, असे उत्तर त्याला मिळाले, ही आठवण ऑलिम्पिकच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. उत्तरात विनय होता की मिस्कीलपणा, ते तकाचच जाणे. साठही गोळ्या लक्ष्यावर लागल्या आणि गुण झाले ५८०. जागतिक विक्रम तब्बल दहा गुणांनी मोडला गेला. व्हॅलियेंते ५७१ गुणांसह दुसरा आला आणि तकाचचे शिक्षण पुरेसे झाले असल्याची कबुली त्याने हसत दिली.

चार वर्षांनी हेलसिंकीत तकाच पुन्हा उतरला. वय बेचाळीस. या वेळी चुरस घरातलीच होती. सिलार्ड कून हा अवघ्या सतरा वर्षांचा हंगेरियन मुलगा त्याच्याच हाताखाली तयार झालेला. तकाचचे गुण ५७९, कूनचे ५७८. एका गुणाने गुरूने सुवर्ण राखले आणि शिष्याला रौप्य मिळाले. या प्रकारात ऑलिम्पिक विजेतेपद राखणारा तकाच हा पहिलाच नेमबाज. (भारताला याच प्रकारात पदक मिळाले ते २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये, विजयकुमारच्या रौप्याच्या रूपाने. तो तेव्हा भारतीय सैन्यात सुभेदार होता. १९३६ च्या हंगेरीचा नियम लावला असता तर त्यालाही घरीच बसावे लागले असते.)

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकच्या तोंडावर हंगेरीत उठाव झाला आणि तो रणगाड्यांखाली चिरडला गेला. अशा काळात मायदेशापासून दूर खेळताना सेहेचाळीस वर्षांचा तकाच आठवा आला. तरीही त्याने पिस्तूल खाली ठेवले नाही. दोनच वर्षांनी मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत सेंटर फायर पिस्तूल प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवले. राष्ट्रीय विजेतीपदे एकूण पस्तीस झाली. अधिकारी नाही म्हणून ज्या सैन्याने त्याला एकेकाळी ऑलिम्पिकला पाठवले नव्हते, त्याच सैन्यातून तो लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाला. नव्या नेमबाजांना शिकवण्याचे कामही त्याने केले. ५ जानेवारी १९७६ रोजी, सहासष्टावा वाढदिवस सोळा दिवसांवर आला असताना, बुडापेस्टमध्येच त्याचे निधन झाले.