डोळा एकीकडे, लक्ष दुसरीकडे : हेल्महोल्ट्झची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमने एका ॲपच्या पेमेंट स्क्रीनवर वरच्या बाजूला लाल पट्टी टाकली. सर्व्हर बंद आहे, पैसे पाठवू नका, असं त्यावर ठळक लिहिलं होतं. डिझाइन माझंच. टेस्टिंगला बसलेल्या लोकांनी ती पट्टी बघितलीच नाही, सरळ रक्कम टाकून बटण दाबलं. मी वैतागलो, की एवढं लाल दिसत कसं नाही? याचं उत्तर शोधताना मी पोचलो थेट १८६० च्या दशकात, हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन माणसापाशी.

जन्म ३१ ऑगस्ट १८२१, बर्लिनजवळच्या पॉट्सडॅममध्ये. वडील शाळामास्तर. पोराला फिजिक्स शिकायचं होतं, पण घरी पैसे नव्हते. तेव्हा बर्लिनमध्ये लष्करी डॉक्टर घडवणारी एक संस्था होती: शिक्षण सरकारी खर्चाने, बदल्यात काही वर्षं सैन्यात नोकरी. आजच्या भाषेत बाँड! हेल्महोल्ट्झने तो घेतला आणि डॉक्टर झाला. फिजिक्स मात्र सोडलं नाही. लष्करात असतानाच, १८४७ मध्ये, त्याने ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध लिहिला. तिथल्या नामांकित जर्नलने तो नाकारला, मग स्वतंत्र पुस्तिका म्हणून छापावा लागला. आज तो नियम आपण शाळेतच शिकतो.

१८४९ मध्ये तो क्योनिग्सबर्गला प्राध्यापक झाला आणि त्याने एक भन्नाट गोष्ट मोजायला घेतली: मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो? त्याचे गुरू योहानेस म्यूलर यांचं मत होतं, की हा वेग मोजताच येणार नाही. हेल्महोल्ट्झने बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याला जोडलेला मज्जातंतू घेतला. स्नायूजवळ झटका दिला, मग थोडा लांब दिला, आणि स्नायू आखडायला लागलेल्या वेळेतला फरक मोजला. पत्नी ओल्गा नोंदी ठेवायची. वेग निघाला सेकंदाला साधारण ३० मीटर. म्हणजे हायवेवरच्या गाडीइतका, बस्स! आपल्या डोक्यातही लेटन्सी असते हे त्या दिवशी आकड्यात सिद्ध झालं.

पुढच्याच वर्षी त्याने डोळ्याच्या आत बघायचं यंत्र बनवलं. अडचण साधी होती. बाहुलीतून आत गेलेला प्रकाश आला त्याच वाटेने परत येतो, आणि तो बघायला आपण वाकलो की आपलंच डोकं दिव्याच्या आड येतं. त्याने काच तिरकी धरली. दिव्याचा प्रकाश काचेवरून परावर्तित होऊन डोळ्यात जातो, आणि परत येणारा थोडा प्रकाश काचेतून आरपार आपल्यापर्यंत पोचतो. न्यूज अँकरच्या टेलिप्रॉम्प्टरमध्ये अशीच तिरकी काच असते. पहिलं यंत्र पुठ्ठा, डिंक आणि चष्म्याच्या भिंगांचं. चक्क जुगाड! पण त्यामुळे जिवंत माणसाचा रेटिना डॉक्टरांना पहिल्यांदाच नीट बघता आला.

आता माझ्या लाल पट्टीकडे येतो. डोळ्याच्या मध्यभागीच आपल्याला बारीक अक्षरं स्पष्ट दिसतात. हात लांब करून अंगठा धरा. साधारण त्याच्या नखाएवढा तो भाग. म्हणून वाचताना नजर सतत उड्या मारते. हेल्महोल्ट्झला प्रश्न पडला, की लक्ष म्हणजे नजरच का? त्याने आतून काळा केलेला एक डबा घेतला आणि आत मोठाली अक्षरं छापलेला कागद लावला. मध्ये टाचणीचं भोक, त्यातून दिसणारा मंद ठिपका. नजर त्या ठिपक्यावर खिळवायची, पण मनात आधीच ठरवायचं की लक्ष, समजा, डाव्या कोपऱ्याकडे. मग विजेची एक ठिणगी पाडायची. ठिणगी इतकी क्षणिक की तेवढ्यात डोळा हलूच शकत नाही.

काय झालं असेल? ठरवलेल्या कोपऱ्यातली अक्षरं त्याला वाचता आली. बाकीची नाही! डोळा जागेवरच होता, रेटिनावर अख्खा कागद उमटला होता, तरीही. म्हणजे नजर आणि लक्ष या दोन वेगळ्या गोष्टी. मला हा प्रयोग त्याच्या सगळ्या कामात सगळ्यात आवडतो, कारण यात महागडं काहीच नाही. आमच्या टेस्टर्सच्या डोळ्यांत लाल पट्टी पोचली असणारच. लक्ष रकमेच्या चौकटीत होतं. आम्ही शेवटी तो इशारा त्या चौकटीलाच चिकटवला.

दृष्टीबद्दलचं हे सगळं काम त्याच्या प्रकाशविज्ञानावरच्या जाडजूड ग्रंथात आहे. तो १८५६ ते १८६७ या काळात भागाभागाने आला. मधल्या काळात, १८५९ मध्ये, ओल्गा गेली. पुढे १८७१ मध्ये तो बर्लिनला फिजिक्सचा प्राध्यापक झाला, म्हणजे पन्नाशीला आल्यावर त्याला हवा तो विषय अधिकृतपणे मिळाला! तिथला त्याचा विद्यार्थी हाइनरिख हर्ट्झ. रेडिओ लहरी प्रयोगाने दाखवणारा तोच, आणि तुमच्या वायफायचा २.४ गिगाहर्ट्झ त्याच्याच नावाने.

१८९३ मध्ये शिकागोहून परतताना हेल्महोल्ट्झ जहाजाच्या जिन्यावरून पडला. १ जानेवारी १८९४ ला हर्ट्झ अवघ्या ३६ व्या वर्षी वारला. त्याच्या शेवटच्या पुस्तकाला प्रस्तावना म्हाताऱ्या गुरूने लिहिली, आणि ८ सप्टेंबरला तोही गेला. दृष्टीवरच्या ग्रंथाची नवी आवृत्ती तेव्हा अर्धवटच होती; ती इतरांनी १८९६ मध्ये पूर्ण केली.