रेव्हरंड नारायण वामन टिळक व आपली प्रार्थना

हिंगोलीजवळील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. अभंगांचा नाद आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या कानी बालपणापासून आहे. ख्रिस्ताजवळ आल्यावर तो नाद टाकावा काय? याचे उत्तर टिळकांच्या चरित्रात सापडते.

त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी ब्राह्मण कुळात झाला. आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. तो वाचून त्यांचे मन ख्रिस्ताकडे ओढले गेले व १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्तेष्ट दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईंचाही काही वर्षे वियोग घडला. पुढे त्या परत आल्या व १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी मंडळीत गाइली जाणारी पुष्कळ गीते परदेशी चालींवरील भाषांतरे होती. टिळकांनी अभंग व भजन प्रभूच्या चरणी वाहिले. त्यामुळे ज्यास अक्षरओळख नाही, त्याच्याही मुखी स्वतःची अशी प्रार्थना आली. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून ते साताऱ्यास राहिले व तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. १९१९ साली त्यांस देवाज्ञा झाली.

प्रिय बंधुभगिनींनो, देवाशी बोलण्यास उसनी भाषा लागत नाही. शेतात, चुलीपाशी, जी वाणी ओठी येते तीच त्यास प्रिय आहे. आणि उपदेशकहो, कोणी अडखळत प्रार्थना केली, तर आम्ही तिचे शब्द सुधारू नयेत, आमेन म्हणावे.