आधी स्वतः वाचणार, मग ठरवणार

श्रावणी सोमवारी तळेघरवरून भीमाशंकरकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ थांबत नाही. इथल्या कॉलेजच्या पोरापोरींना त्याचं काही नवल नाही. यात्रा दोन दिवसांची, मग माणूस आपल्या घरी. पण एका मुलीचं अख्खं बालपणच यात्रेत गेलं. एका तीर्थावरून दुसऱ्या तीर्थावर पायी जायचं, वडील देवळात पुराण सांगणार, त्यावर चूल पेटणार. ती रमा डोंगरे, म्हणजे पुढच्या पंडिता रमाबाई. भीमाशंकरला उगम पावणारी भीमा खाली दौंड तालुक्याच्या कडेने वाहते. त्याच तालुक्यातल्या केडगावात त्यांचं आयुष्य संपलं.

जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. आईने तेच संस्कृत रमाला दिलं. मग दुष्काळ आला. घरच्यांनी उपास केले, दानं दिली, जे जे शास्त्रात सांगितलंय ते केलं. तरी आई, वडील, मोठी बहीण सगळे गेले. उरलेली भावंडं चालत राहिली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती.

पुढची चार वर्षं वाचतानाही दम लागतो. भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न झालं, मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये नवराही गेला. त्याच घरात त्यांच्या हाती बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान लागलं होतं. आवडलं, प्रश्न पडले; पण त्यांनी लगेच काही ठरवलं नाही. आपण ‘टर्म्स अँड कंडिशन्स’ न वाचताच ‘ॲक्सेप्ट’ दाबतो. रमाबाईंचं उलट होतं.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये डॉक्टर व्हायचं ठरवून इंग्लंड गाठलं. कमी ऐकू येत असल्याने तो रस्ता बंद झाला. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहताना मात्र त्यांनी एक काम पाहिलं: समाजाने टाकलेल्या बायकांना त्या जवळ करत होत्या. हे कुठून येतं, याचं उत्तर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानात सापडलं. विहिरीवर येशू शोमरोनी बाईशी बोलतो ती गोष्ट. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

इथे बहुतेक चरित्रं सुटकेचा श्वास टाकतात. खरी मजा यानंतर आहे. आता बाई आपली झाली, सांगू ते मानेल, असं तिथल्या मंडळींना वाटलं. सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वर्षानुवर्षं वाद चालला. चर्चचं एखादं मत समोर आलं की रमाबाई विचारणार, हे बायबलात कुठे आहे? दाखवा. त्यांनी तरुण मुलग्यांना शिकवू नये, असा बिशप लोकांचा आग्रह होता. त्यावर त्या चिडल्याच. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत शिरायला त्या आल्या नव्हत्या.

मायदेशी परतून ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. तिथे धर्म शिकवायचा नाही, हा शब्द दिलेला होता. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, काही मुली येऊन बसायच्या. १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’ने झोडपलं, पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले. पालकांची भीती खोटी होती असं मला म्हणवत नाही. विश्वासाने मुलगी सोपवली, की माणूस शब्दाला धरणारच. रमाबाईंनी दार लावलं नाही आणि कुणाला आत ओढलंही नाही. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ख्रिस्ती झाली नाही. त्याच वर्षी ती धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई कर्वे झाली.

१८९६-९७ च्या दुष्काळात मात्र त्यांनी वाट पाहिली नाही. हाताशी पैसा नव्हता, पण उपाशी पोराचं पोट त्यांना ठाऊक होतं. प्रार्थना केली आणि मध्य प्रांताची गाडी पकडली. तिथून सुमारे तीनशे मुली केडगावच्या शेतावर आल्या. तेच मुक्ती सदन. विणकाम, शेती, छापखाना, सगळं मुलींनी चालवायचं.

या मुलींना बायबल वाचायला दिलं, तर भाषा अडायची. मराठी भाषांतरात संस्कृत शब्द फार. ज्या बाईला संस्कृतसाठी ‘सरस्वती’ म्हटलं गेलं, तिला हे खटकलं. पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. शेवटची प्रुफं तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पलीकडे छापखान्यात खिळे जुळवायला मुक्ती सदनाच्याच बायका होत्या.