गुस्ताव्ह एल्मेन आणि पर्मॅलॉय
एल्मेन १८७६ साली स्टॉकहोममध्ये जन्मले, १८९३ मध्ये अमेरिकेला गेले, नेब्रास्कात शिकले आणि १९०६ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये लागले. समुद्राखालच्या केबलमधून संदेश फार संथ जात. तांब्याच्या तारेभोवती सहज चुंबकित होणारी पट्टी गुंडाळली तर वेग वाढणार होता. नुसतं लोखंड अपुरं पडे. एल्मेन यांनी लोखंडात निकेल वाढवत वाढवत ७८.५ टक्क्यांवर नेलं. पण खरी मेख भट्टीत! ९०० अंशांवर तापवून सावकाश निववलं तर गुण अर्धवटच येई. म्हणून पुन्हा ६०० अंशांपर्यंत तापवून तांब्याच्या पत्र्यावर झटकन गार करायचं. सावकाश निवताना अणू शिस्तीत बसतात, आणि इथे ती शिस्तच नडते. शिवाय धातू भलताच हळवा, वाकवला की गुण घसरला. मग पट्टी तारेवर गुंडाळून झाल्यावरच तापवायची. १९२४ मध्ये न्यूयॉर्क–अझोर्स केबल पडली आणि संदेश कितीतरी पट वेगाने जाऊ लागले. एल्मेन १९५७ मध्ये गेले.