मॅट्रिक पास, पुढे पंधरा पुस्तकं

डिग्री हातात आली की आपल्याकडे एक गोष्ट हमखास होते. पुस्तकं रद्दीत जातात, नाहीतर गावाकडच्या माळ्यावर. मग स्पर्धा परीक्षेचे गाईड तेवढे उरतात. नोकरी लागली की तेही संपतात. कॉलेजात असताना कविता करणारा आपला मित्र तिशीत काय वाचतो, असं कधी विचारून बघा. बहुतेक वेळा तो नुसता हसतो.

परभणीत एक कारकून होऊन गेला. त्याचं शिक्षण मॅट्रिकला थांबलं. कॉलेजचं तोंड त्याने पाहिलं नाही. वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो गेला, आणि मागे पंधराएक पुस्तकं ठेवून गेला. भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्याचं नाव. आपण त्याला बी. रघुनाथ म्हणतो. स्टेशन रोडवरून जाताना सभागृहाच्या पाटीवर हे नाव रोज दिसतं. पण हे गृहस्थ होते कोण, असं विचारलं तर आपल्यातले बरेच जण गप्प बसतील. मीही बरीच वर्षं गप्पच बसलो असतो.

जन्म १५ ऑगस्ट १९१३चा. गाव सातोना, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातलं. तेव्हा इथे राज्य निजामाचं होतं. कचेरीचा कागद उर्दूत, कोर्टाचं काम उर्दूत. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथे शिकवायचे तेही उर्दूतच. एका भारतीय भाषेत विद्यापीठ चालवणं ही मोठीच गोष्ट होती, पण मराठी बोलणाऱ्या खेड्यातल्या पोराला त्याचा उपयोग किती? मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला १९५८ साल उजाडावं लागलं. तोवर बी. रघुनाथ जाऊन पाच वर्षं झाली होती.

शाळेसाठी ते हैदराबादला गेले. विवेकवर्धिनी ही तिथली मराठी माणसांनी चालवलेली शाळा. मोठं शहर, उर्दू शायरीचं वातावरण, आणि घरात-शाळेत मराठी. या दोन्हींच्या मध्ये हा मुलगा वाढला. १९३२ साली मॅट्रिक झाले. परिस्थिती बेताची होती, पुढे शिकणं शक्य नव्हतं. निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनाची नोकरी मिळाली, ती धरली. रस्ते, पूल, सरकारी इमारती यांचे हिशोब आणि कागद. ही नोकरी शेवटपर्यंत सुटली नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या भाषेत साहेबाला टिपण लिहायचं, ती उर्दू. ज्या भाषेत कादंबरी लिहायची, ती मराठी. दिवसभर एक, रात्री दुसरी. दुसरा कुणी वैतागला असता. बी. रघुनाथांनी मात्र ती उर्दू आपल्या मराठीत मुरवली. कथासंग्रहांची नावंच बघा ना, ‘साकी’, ‘फकिराची कांबळी’. पुण्या-मुंबईच्या लेखकाला ही नावं सुचली नसती. आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात अजून जी उर्दू-दखनीची चव आहे ती त्यांच्या लेखनात आहे, आणि ती कुठल्या वर्गात बसून शिकलेली नाही. कचेरी, बाजार आणि प्रवास, हेच त्यांचं कॉलेज म्हणायचं.

पहिली कादंबरी ‘ओ’ १९३६ साली आली, तेव्हा लेखक फक्त तेवीस वर्षांचा होता. १९४०ला ‘साकी’, १९४१ला ‘आलाप आणि विलाप’ हा कवितासंग्रह. मग १९४३ ते १९४६ या चार वर्षांत चार कादंबऱ्या: ‘हिरवे गुलाब’, ‘बाबू दडके’, ‘उत्पात’, ‘म्हणे लढाई संपली’. याच काळात ‘अलकेचा प्रवासी’ हा लेखसंग्रहसुद्धा. महायुद्धाचे दिवस होते, धान्यापासून कागदापर्यंत सगळ्याची टंचाई. प्रकाशक सगळे दूर. रॉयल्टीवर घर चालेल अशी शक्यताच नव्हती, म्हणून सकाळी कचेरी चुकत नव्हती.

बाहेर संस्थानही पेटत होतं. रझाकारांचा धुमाकूळ, स्टेट काँग्रेसचा लढा, आणि १७ सप्टेंबर १९४८ला निजामाची शरणागती. सरकारी नोकराने अशा वेळी मान खाली घालून बसायचं असतं. बी. रघुनाथ बघत होते, साठवत होते. १९४९ साली त्यांची कादंबरी आली, ‘जगाला कळले पाहिजे’. नावातच सगळं आलं.

हे सगळं रोमँटिक वाटू शकतं, पण तसं ते नव्हतं. दिवसा कारकुनी आणि रात्री लेखन, वर्षानुवर्षं. ७ सप्टेंबर १९५३ला कचेरीत काम करत असतानाच हृदयविकाराने ते गेले. त्यांच्यासारख्या माणसाला एखादी शिष्यवृत्ती, जवळपास एखादं विद्यापीठ, चार मोकळी वर्षं मिळाली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मला राहून राहून पडतो. आज आपल्या शहरात कृषी विद्यापीठ आहे, तासाभरावर नांदेडचं विद्यापीठ आहे, नोकरी करता करता शिकायचं तर मुक्त विद्यापीठ आहे. शंभर वर्षांहून जुनं गणेश वाचनालय आहे, तिथे सभासद व्हायला मार्कशीट लागत नाही. तरी व्याख्यानाला पहिल्या दोन रांगांत पांढरे केसच जास्त दिसतात, आणि आपण मागे उभं राहून मोबाईल बघतो. (हे लिहिताना मीही त्या मागच्यांतलाच आहे.)

ते गेल्यावरही पुस्तकं येत राहिली. १९५४ला ‘आडगावचे चौधरी’, १९५५ला ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा कवितासंग्रह, मग ‘आकाश’ आणि ‘काळी राधा’ हे कथासंग्रह. कॉलेजात पाय न ठेवलेल्या या माणसावर आता विद्यापीठांत पीएचडीचे प्रबंध होतात. सप्टेंबर आला की परभणीत त्यांच्या आठवणीत कार्यक्रम होतात, कविता वाचल्या जातात. तिकडे छत्रपती संभाजीनगरात त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो.

सुरुवात कुठून करायची म्हणाल, तर ‘आडगावचे चौधरी’ घ्या. शेवटची कादंबरी आहे, छापलेली त्यांनी पाहिली नाही.