रंकाळ्यावरचा उजेड

क्लोद मोने हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मला मोने आधी माहीत झाला आणि आबालाल रहिमान खूप नंतर. १८७४ साली पॅरिसच्या एका प्रदर्शनात मोनेने सूर्योदयाचं चित्र मांडलं आणि त्या चित्राच्या नावावरून इम्प्रेशनिझम हा शब्द रूढ झाला. नुसती वस्तू न रंगवता तिच्यावर त्या घटकेला पडलेला उजेड रंगवायचा, असा या चित्रकारांचा ध्यास होता. पुढे थोड्याच वर्षांत आपल्या महाराष्ट्रातही एक माणूस तळ्याकाठी बसून हेच करू लागला. आपल्या वर्धा स्टेशनवरून जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस ज्या गावाला जाऊन थांबते, त्या कोल्हापुरात.

आबालाल यांचा जन्म १८६० च्या आसपासचा. त्यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचं काम चालायचं. म्हणजे बारीक, सुबक आणि न चुकता हात चालवायची सवय घरातच होती. १८८० च्या दशकात ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. तिथलं शिक्षण पक्कं ब्रिटिश वळणाचं होतं. समोर पुतळा किंवा माणूस ठेवायचा आणि हुबेहूब काढायचा. आबालाल त्यात इतके तयार झाले की त्यांना व्हाइसरॉयचं पदक मिळालं.

आता असा माणूस मुंबईत राहिला असता तर श्रीमंतांची पोर्ट्रेट्स काढून आरामात जगला असता. आजच्या भाषेत सांगायचं तर चांगलं प्लेसमेंट सोडून गावी परत येण्यासारखं होतं हे. पण ते कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. बाकीचा वेळ ते कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ अशा ठिकाणी रमायचे. तेच पाणी, तीच झाडं, रंकाळ्यातला तोच दगडी संध्यामठ. जागा ओळखीच्याच, पण उजेड रोज वेगळा.

त्यांच्या निसर्गचित्रांची गंमत जवळून बघितल्यावर कळते. रंगांचे बारीक ठिपके आणि छोटे फटकारे एकमेकांशेजारी ठेवलेले असतात. दोन पावलं मागे सरलं की त्यांचं पाणी होतं, धुकं होतं, संध्याकाळ होते. इंजिनीअरिंगवाल्यांना हे समजायला सोपं आहे. दोन रंग पॅलेटवर घोटून एक केले, की प्रत्येक रंग उजेडाचा आपापला भाग शोषून घेतो आणि मिश्रण मळकट होतं. तेच रंग ठिपक्यांनी शेजारी ठेवले, तर मिसळण्याचं काम आपला डोळा करतो आणि रंग जिवंत राहतात. मोबाईलच्या स्क्रीनवर लाल, हिरवे, निळे बारीक ठिपके मिळून चित्र दिसतं, त्यातही मिसळण्याचं काम डोळाच करतो.

फ्रान्समध्ये हे करणारे एकमेकांना भेटत, भांडत, एकत्र प्रदर्शनं भरवत. आबालाल कधी युरोपला गेले नाहीत. आसपास असा गटही नव्हता. मोनेला ट्यूबमधले तयार रंग मिळत होते, तर आबालाल आपले रंग बऱ्याचदा घरीच बनवत असं सांगतात. तरीही दोघं जवळपास एकाच उत्तरापाशी पोहोचले. मला वाटतं, याचं कारण त्यांचा प्रश्न एकच होता. पाण्यावर आत्ता, या क्षणी, नेमकं काय दिसतंय?

६ मे १९२२ ला शाहू महाराज गेले आणि आबालाल यांचा आधारच तुटला. त्या दुःखात त्यांनी आपली ढीगभर चित्रं कोटीतीर्थाच्या तळ्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगितलं जातं. ज्या पाण्याची चित्रं काढली त्याच पाण्यात! पुढची वर्षं त्यांनी अगदी साधेपणाने काढली आणि १९३१ साली त्यांचं निधन झालं. मोने त्यांच्या आधी पाच वर्षं गेला होता. त्याचं जिव्हेर्नीचं घर आणि बाग आज जगभरातले लोक बघायला जातात. आबालाल यांची उरलेली चित्रं मात्र मोजकीच. त्यातली काही कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहेत.

पण सगळंच बुडालं असं नाही. बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी या पुढच्या कलावंतांनी आबालाल यांना मानलं. कोल्हापूरला कलापूर म्हणतात, त्यात या एकट्या माणसाचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे पॅरिस नाही आणि रंकाळाही नाही. पण पवनारला धाम नदी आहे आणि उन्हाची तर काही कमीच नाही! एकदा संध्याकाळी काठावर जाऊन तिथल्या दगडांच्या सावल्या नीट बघा. त्या काळ्या नसतात, निळसर जांभळ्या असतात, कारण सूर्य अडला तरी आकाशाचा निळा उजेड सावलीत पोहोचतोच. हे फिजिक्समध्ये आपण शिकलो आहोत. आबालाल यांनी ते नुसतं बसून, बघून ओळखलं. त्यासाठी ते एकाच तळ्याकाठी आयुष्यभर बसले.